कुणी एक सभासद

आमच्या सोसायटीत एका बाबतीत संपूर्ण एकमत आहे : नियम नव्याने लिहायला हवेत. ते काय असावेत यावर मात्र जितकी बिऱ्हाडं तितकी मतं, आणि काही बिऱ्हाडांत दोन-दोन. सोसायटी मुलुंड पूर्वेला, मिठागर रोडच्या आतल्या गल्लीत. दोन विंग, एक पंप, आणि पार्किंगच्या पट्ट्यांपेक्षा जास्त गाड्या. सहकार कायद्याप्रमाणे वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत उरकावी लागते, त्यामुळे पावसाळा उतरायला लागला की आमच्याकडे नियमांचा हंगाम सुरू होतो. सेक्रेटरीकाका मसुदा सगळ्यांना पाठवतात, खाली ‘सूचना असल्यास कळवाव्यात’ असं लिहितात आणि तिथेच घात होतो. सूचना असतातच.

पूर्वी लोक सूचना तोंडी द्यायचे. त्या जिन्यातच विरून जायच्या आणि सगळं सुखात चाललेलं असायचं. आता प्रत्येकाकडे लॅपटॉप आहे. जो तो मसुद्यातच फेरफार करून आपली प्रत परत पाठवतो. ए विंगची प्रत वेगळी, बी विंगची वेगळी, खजिनदारभाईंची तिसरीच. एक प्रत थेट न्यू जर्सीहून येते, कारण दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा मुलगा तिथे बसून इथल्या पाण्याच्या वेळेवर लक्ष ठेवून असतो.

“अहो, तुम्ही कम्प्युटरमधले ना?” सेक्रेटरीकाकांनी मला लिफ्टमध्ये गाठलं. चौथा मजला येईपर्यंत लिफ्टमधून पळता येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. “हे सगळं एकत्र करून द्या बघू. ऑफिसात हेच करत असाल.”

करतो खरा. रोज मुलुंडहून घाटकोपर, घाटकोपरहून मेट्रोने चकाला, असा घामाघूम होत जाऊन मी जे करतो त्याचं सार एवढंच : दहा जणांनी एका फायलीत घातलेला गोंधळ अकराव्याने मिसळायचा. त्यासाठी गिट नावाचं साधन आहे. लिनस टोरवाल्ड्सने ते २००५च्या एप्रिलमध्ये लिहायला घेतलं, कारण त्याच्या लिनक्सची मंडळी तोवर वापरत असलेल्या बिटकीपर या तशाच साधनाची फुकट सोय बंद झाली होती. फुकटची सोय बंद झाली की माणूस कामाला लागतो, हे आमच्या खजिनदारभाईंचंही मत आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याच वर्षी जुलैत टोरवाल्ड्सने गिटची सगळी देखभाल ज्युनिओ हमानो यांच्या गळ्यात घातली आणि स्वतः मोकळा झाला. चार महिन्यांत पद सोडायला मिळालेला माणूस! आमचे सेक्रेटरीकाका हे ऐकून बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग हळूच म्हणाले, “हे हमानो मुलुंडला यायला तयार होतील का?”

गिट हाताने चालवायचं तर रोज रात्री काळ्या पडद्यापुढे बसून आज्ञा टाइप करायच्या. मला ते नको होतं. काम टाळण्यासाठी मी कितीही कष्ट उपसू शकतो. गिटची कामं आपल्या प्रोग्राममधून करून घ्यायची असतील तर लिबगिट-टू नावाची सी भाषेतली लायब्ररी आहे, आणि पायथनवाल्यांसाठी तिचाच पायगिट-टू असा अवतार आहे. बेत साधा होता. प्रोग्राम मेल तपासणार, आलेल्या प्रतीची फ्लॅट नंबराच्या नावाने शाखा, म्हणजे वेगळी वाट, काढणार, ती मुख्य मसुद्यात मर्ज करणार, म्हणजे मिसळणार, आणि मी झोपणार.

“हेच हाताने केलं तर किती वेळ लागेल?” बायकोने विचारलं.

“एक रविवार.”

“आणि प्रोग्राम लिहायला?”

मी चहा मागितला.

पहिली अडचण भाषेचीच आली. गिट मर्ज करतं ते ओळीच्या हिशेबाने. एकाने तिसरी ओळ बदलली, दुसऱ्याने तिसावी, तर काही तंटा नाही. पण सेक्रेटरीकाका सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांचं वाक्य ‘ज्याअर्थी’ने सुरू होतं, ‘त्याअर्थी’ला वळसा घालतं आणि पानाच्या तळाशी श्वास घेतं. मध्ये कुठे एंटर नाही. म्हणजे गिटच्या दृष्टीने पार्किंगचा अख्खा नियम ही एकच ओळ. वरच्या बाजूला एकाने स्वल्पविराम काढला आणि खाली दुसऱ्याने ‘दुचाकी’चं ‘दुचाकी वाहन’ केलं, की दोघांनी एकच ओळ बदलली म्हणून लायब्ररी हात वर करायची. मी काकांना म्हटलं, “वाक्यं जरा लहान करता येतील का?” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांचं पेन्शन लहान करायला निघालो होतो.

मग एक तंटा असा निघाला की दोन्ही बाजू अगदी सारख्या. ‘दुसऱ्या गाडीस जागा मिळणार नाही’ विरुद्ध ‘दुसऱ्या गाडीस जागा मिळणार नाही’. मी चष्मा पुसून पाहिलं, पडदा पुसून पाहिला. अखेर फायलीच्या पोटात शिरल्यावर कळलं की ‘ऱ्या’मधला तो ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो : एकसंध अक्षर म्हणून, किंवा साधा ‘र’ आणि त्याला नुक्ता जोडून. डोळ्याला फरक शून्य, कम्प्युटरला जमीन-अस्मानाचा. एका घरी एक कीबोर्ड, समोरच्या घरी दुसरा. दोघे शब्दशः एकच गोष्ट म्हणत होते आणि तरीही भांडण होतं. हे मी ए विंगच्या मावशींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “आमच्या घरी रोज होतं.”

मर्ज करण्याआधी लायब्ररीकडून परिस्थितीचा अंदाज घ्यावा लागतो. तिची उत्तरं मोजकी. एक म्हणजे समोरच्याकडे तुमच्याजवळ नाही असं काहीच नाही, गप्प बसा. दुसरं म्हणजे तुम्ही काहीच केलेलं नाही, समोरचा एकटाच पुढे गेला आहे, मुकाट त्याच्या जागी जाऊन उभे राहा. आमच्या कार्यकारिणीत याला ‘सर्वानुमते मंजूर’ म्हणतात. आणि तिसरं म्हणजे दोघांनीही आपापलं काहीतरी करून ठेवलं आहे. या तिसऱ्या उत्तराला लायब्ररीने नाव दिलं आहे ‘नॉर्मल’. आमच्याकडे रोज नॉर्मलच निघायचं.

अशा वेळी दोन प्रती पुरत नाहीत, तिसरी लागते. याच्या प्रतीत एक वाक्य आहे आणि त्याच्या प्रतीत नाही. आता ते याने घातलं की त्याने खोडलं? ते ठरवायला दोघांची समाईक मूळ प्रत हवी. लायब्ररी पहिल्यांदा तीच मागते : भांडण सांगू नका, आधी काय होतं ते दाखवा. इथे सगळी सोसायटी अडकली. चेअरमनसाहेब म्हणाले, गेट पहिल्यापासून अकराला बंद होतं. बी विंग म्हणाली, पहिल्यापासून बाराला. वॉचमन म्हणाला, “साहेब, गेट बिघडलंय, ते बंदच होत नाही.”

मग जुनं इतिवृत्ताचं रजिस्टर शोधलं गेलं. ते पंपरूममध्ये रिकाम्या डब्याखाली सापडलं. वाळवीने बरीच पानं मंजूर केलेली होती, पण नेमकं हवं ते पान शाबूत निघालं. सेक्रेटरीकाकांनी ते मोठ्याने वाचलं : “गेटच्या वेळेबाबत सविस्तर चर्चा झाली. अध्यक्षांचे आभार मानून सभा संपली.”

समाईक मूळ प्रत ती ही.

त्यातून बी विंगच्या एका काकांनी मसुद्यात बदल न करता सगळा मसुदाच पहिल्यापासून स्वतः टाइप करून पाठवला. लायब्ररीने त्याचा आणि आमच्या मसुद्याचा पूर्वज शोधला आणि दोघांचं एकमेकांशी काही नातं नसल्याचं कळवलं. काकांना हे मुळीच अपमानास्पद वाटलं नाही. ते म्हणाले, “मी तेच तर सांगतोय.”

जिथे मर्ज अडतं, तिथे लायब्ररी कुणाचीच बाजू घेत नाही. मूळ, आपलं आणि त्यांचं, असे तिन्ही मजकूर जपून ठेवते आणि निकाल लागेपर्यंत पुढचं कमिट, म्हणजे बदलाची पक्की नोंद, होऊ देत नाही. फायलीत वरच्या मजकुराच्या डोक्यावर सात बाणांची टोकं आणि ‘हेड’ असा शब्द येतो, मध्ये बरोबरची सात चिन्हं, आणि खालच्या मजकुराच्या पायाशी उलटी सात टोकं आणि चाळीस अक्षर-अंकांचा एक लांबलचक क्रमांक. हे बघायचं, एक ठेवायचं, दुसरं काढायचं, आणि टोकंही काढायची. सेक्रेटरीकाकांनी ती फाइल सामाईक फोल्डरमधून उघडली, प्रिंट काढली आणि बाणांसकट नोटीस बोर्डावर लावली.

मी संध्याकाळी आलो तेव्हा बोर्डापाशी गर्दी होती. चेअरमनसाहेब प्रसन्न दिसत होते. “हेड म्हणजे मीच,” ते सगळ्यांना सांगत होते. “वरचं मत ते माझं. कम्प्युटरनेच दिलंय.” खालच्या मजकुराशेजारच्या चाळीस आकड्यांवर बोट ठेवून खजिनदारभाई विचारत होते, “पण हा कोणाचा अकाउंट नंबर छे?” आणि बाणांची टोकं पाहून एका सभासदाने आपली गाडी त्या दिशेने लावलीसुद्धा होती.

याहून धोकादायक म्हणजे जिथे मर्ज बिनबोभाट होतं. ए विंगने सहाव्या कलमात लिहिलं की मागच्या मोकळ्या जागेत ज्येष्ठ नागरिकांसाठी बाकं बसवावीत. बी विंगने एकविसाव्या कलमात लिहिलं की पाहुण्यांच्या गाड्या मागच्या मोकळ्या जागेत लावाव्यात. ओळी वेगळ्या, तंटा नाही. लायब्ररीने दोन्ही कलमं आनंदाने आत घेतली आणि हिरवा कंदील दाखवला. पुढच्या रविवारी कुणाचा तरी जावई कल्याणहून आला आणि नियमाप्रमाणे त्याने गाडी मागे घेतली. तिथे नियमाप्रमाणे तीन आजोबा बसलेले होते. दोन्ही बाजूंनी मसुद्याच्या प्रती बाहेर निघाल्या. दोन्ही बाजू बरोबर होत्या. लायब्ररीला ओळी कळतात, आजोबा कळत नाहीत.

“इतकी शाखा-शाखा कशाला?” चेअरमनसाहेबांनी सभेत विचारलं. “सगळ्यांचं एकदम मर्ज करून टाका की.”

तसं करता येतं. लिनक्सच्या इतिहासात एका कमिटला तब्बल ६६ जनक आहेत. २०१४ सालच्या जानेवारीत ते पाहून खुद्द टोरवाल्ड्सने कपाळाला हात लावला होता. मी हे सांगितल्यावर खजिनदारभाईंनी मनातल्या मनात फ्लॅट मोजले आणि म्हणाले, “आपले तो एवढे पण नाय होत. करून टाको ने!” मी विषय उपसमितीकडे सोपवला. कोडमध्ये काय जमतं हे मला शिकायला बरीच वर्षं लागली, पण विषय उपसमितीकडे सोपवायला मी एका सभेत शिकलो.

मग लोकांना चेरीपिकचा शोध लागला. मर्जमध्ये समोरच्याची अख्खी शाखा घ्यावी लागते. चेरीपिकमध्ये त्याच्या शाखेवरचं आपल्याला आवडलेलं एकच कमिट तेवढं उचलून आपल्याकडे लावता येतं. हे मी बोलण्याच्या ओघात सांगून गेलो आणि सभागृहात, म्हणजे ए विंगच्या पार्किंगमध्ये, चैतन्य पसरलं. चिवड्यातले काजू तेवढे वेचून घ्यायचे आणि डबा पुढे सरकवायचा, ही कला सगळ्यांना लहानपणापासून येतच होती. तिला सॉफ्टवेअरची मान्यता आहे हे आता कळलं.

बी विंगच्या शाखेवर ओळीने तीन कमिट होती. पहिलं : पंप बदलावा. दुसरं : त्यासाठी देखभाल वर्गणी वाढवावी. तिसरं : पाण्याची वेळ दोन तासांनी वाढवावी. रात्री साडेदहाला सेक्रेटरीकाकांचा फोन आला.

“ते तिसरं तेवढं उचला.”

“काका, पण ते पहिल्या दोघांवर उभं आहे.”

“तुमचं सॉफ्टवेअर हरकत घेतंय का?”

सॉफ्टवेअरची काहीच हरकत नव्हती. ओळी जुळत होत्या. चेरीपिक झालं, नव्या मसुद्यात पाणी दोन तास जास्त आलं, आणि पंप १९९० च्या दशकातलाच राहिला. न्यू जर्सीहून तिसरं कमिट उचलल्याबद्दल अभिनंदनाचा मेल आला. ज्यांना रोज बादली भरून ठेवावी लागते, त्यांनी मात्र वेगळे शब्द वापरले.

चेरीपिकची आणखी एक गंमत अशी की उचललेल्या कमिटला नवा क्रमांक मिळतो. बदल तोच, नंबर नवा. ‘कुत्र्यांना लिफ्टने नेऊ नये’ हा ठराव ए विंगने उचलला, कार्यकारिणीने उचलला, खजिनदारभाईंनी उचलला, आणि इतिहासात तो वेगवेगळ्या क्रमांकांनी पुनःपुन्हा आला. ज्यांच्याकडे कुत्रा आहे त्या ताई म्हणाल्या, “एकाच गोष्टीसाठी किती वेळा बोलणार मला?”

लायब्ररी चेरी तोडून देते, पण कमिट करत नाही. ते आपण करायचं, आणि मग ‘झालं, आवरा’ असं तिला सांगायचं. तोवर ती चेरीपिकच्याच अवस्थेत थांबून राहते. माझा प्रोग्राम कमिट करण्यापूर्वी सेक्रेटरीकाकांची परवानगी मागत असे. काका परवानगी द्यायच्या आधी चेअरमनसाहेबांना विचारत. चेअरमनसाहेब ‘बघू’ म्हणत. ‘बघू’ हे उत्तर लायब्ररीला माहीत नाही. त्यामुळे आमचा मसुदा एका चेरीवर दिवसेंदिवस अडकून राहायचा, आणि मी सकाळी घाटकोपरच्या पुलावर, पुढचा माणूस, मागचा माणूस आणि आपली बॅग यांच्या मध्ये उभा राहून फोनवरून ती अवस्था झटकून टाकण्याची आज्ञा टाइप करायचो. एकदा शेजारच्या गृहस्थांनी माझ्या पडद्यावर ‘क्लीनअप’ वाचलं आणि विचारलं, “महापालिकेत का?”

त्यातच खजिनदारभाईंना दोन विंगांच्या समेटाचं कमिट हवं झालं. आता मर्जचं कमिट चेरीपिक करायचं तर त्याला जनक दोन. त्यातला मुख्य कोणता हे लायब्ररीला स्पष्ट सांगावं लागतं. एक किंवा दोन. आकड्याचाच प्रश्न, म्हणून मी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरागसपणे विचारलं : “मुख्य बाजू ए विंग धरू की बी विंग?”

ग्रुपवर जे झालं ते इथे छापण्यासारखं नाही. एवढंच सांगतो की दहीहंडीच्या जमाखर्चापासून गच्चीवरच्या टाकीत सापडलेल्या चपलेपर्यंत सगळा इतिहास एका रात्रीत बाहेर आला. तोही समाईक पूर्वजाशिवाय.

सगळ्यात नाजूक मामला नावांचा होता. गिट प्रत्येक कमिटमध्ये दोन नावं ठेवतं : बदल मुळात कोणाचा आणि तो नोंदवला कोणी. गिटने चेरीपिक केलं तरी मूळ लेखकाचं नाव आपोआप पुसलं जात नाही. दुसऱ्याचा ठराव नुसता उचलल्याने आपल्या नावावर होत नाही. मला ही फार सभ्य व्यवस्था वाटायची. सोसायटीला ती भयंकर वाटली. प्रत्येक मेलच्या शेवटी एक ओळ ठरलेली : ‘कृपया माझं नाव येऊ देऊ नका, उगाच वाईटपणा नको.’ कुत्र्याविरुद्ध लिहिणाऱ्याला कुत्रेवाल्या ताईंकडे भिशीला जायचं असतं. बाकांविरुद्ध लिहिणाऱ्याचे वडील त्याच बाकांवर बसतात. मी लेखकाची जागा रिकामी ठेवून पाहिली. लायब्ररीने नकार दिला. बेवारशी कमिट ती घेत नाही. मग मी सगळ्यांसाठी एकच नाव ठरवलं : ‘एक सभासद’. नोंदवणारा म्हणून प्रोग्राम. सगळे खूश.

वार्षिक सभा वेळेत झाली. गणसंख्या भरली नाही म्हणून अर्धा तास थांबून पुन्हा झाली. समोसे आले. मसुद्याचं वाचन सुरू झालं आणि पाहुण्यांच्या गाड्या आजोबांच्या बाकांवर लावायच्या कलमाशी पोचताच सभेचा पारा चढला.

“हे लिहिलं कोणी?” चेअरमनसाहेब गरजले.

तेव्हा न्यू जर्सीच्या मुलाने, तिकडे भल्या पहाटे, व्हिडिओ कॉलवर सांगितलं की गिटमध्ये प्रत्येक ओळ कोणी लिहिली ते दाखवणारी एक आज्ञा असते आणि तिचं नाव ब्लेम. इतके दिवस मर्ज म्हटलं की जांभया देणारी सभा ताठ बसली. मर्ज कोणालाच नको होतं, पण ब्लेम प्रत्येकाला हवं होतं. मागच्या रांगेतून खुर्च्या पुढे आल्या. “आमच्या फोनवर येतं का?” मावशींनी विचारलं. लायब्ररीत ती सोय आहेच. मी लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि ब्लेम चालवलं.

पडद्यावर पहिली ओळ आली. डावीकडे नाव : एक सभासद. दुसरी ओळ, एक सभासद. गेट, एक सभासद. पाणी, एक सभासद. कुत्रे, बाकं, पाहुणे, गच्चीवरचे पापड, वरपासून खालपर्यंत सगळीकडे एकच माणूस.

सभेत शांतता पसरली. मग मागून कोणीतरी म्हणालं, “मला वाटलंच होतं, हे सगळं एकाच माणसाचं काम आहे.”

“याला कार्यकारिणीसमोर बोलवा,” चेअरमनसाहेब म्हणाले. ज्यांनी ज्यांनी ‘माझं नाव येऊ देऊ नका’ म्हणून मला लिहिलं होतं, त्या सगळ्यांनी हात वर करून अनुमोदन दिलं. खजिनदारभाईंनी वही काढली. “आधी बघून घेतो, याचं मेंटेनन्स बाकी हाय का.”

एक सभासद यांना कारणे दाखवा नोटीस बजावावी, असा ठराव एकमताने मंजूर झाला. सेक्रेटरीकाकांनी त्याच रात्री नोटिशीचा मसुदा सगळ्यांना पाठवला, खाली ‘सूचना असल्यास कळवाव्यात’. सकाळी मी चकाल्याला उतरेपर्यंत दोन दुरुस्त्या आलेल्या होत्या, दोन्ही एकाच ओळीवर. एकाला भाषा कडक हवी होती, दुसऱ्याला अतिकडक. आणि दोघांचीही विनंती होती की कृपया आमचं नाव येऊ देऊ नका.